ओढ्यात सापडलेला दगड: जीवाश्म की नुसती खनिजाची नक्षी?

‘हे फर्न आहे ना?’ असं विचारत लोक मला दगडांचे फोटो पाठवतात. त्यातला फर्न निघालेला दगड अजून मी पाहिलेला नाही. ‘फांद्या दिसल्या म्हणजे वनस्पती, गोल दिसलं म्हणजे डायनासोरचं अंडं’ हा सल्ला कोणी पसरवला कोण जाणे. आकारावरून जीवाश्म ओळखता येत नाही, हे आधीच सांगतो. दगड फिरवून, ओला करून, भिंगाखाली बघावा लागतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोऱ्याला बांधलेलं एक छोटं पण जोरदार चुंबक, लिंबू आणि पाण्याची बाटली एवढं सामान पुरतं. हातोडी घरी ठेवा.

पहिला प्रश्न जागेचा. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा आहे. हजार अंशांच्या पुढे तापलेल्या रसात पान किंवा हाड टिकत नाही. जीवाश्म मिळतात ते लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात. त्यांना आंतरट्रॅप थर म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळीचे थर प्रसिद्ध आहेत, आणि मुंबईत वरळीला अशाच थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले होते. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला तर दगड झालेले अख्खे ओंडके आहेत, पण तिथला खडक लाव्हाच्याही आधीचा आहे. गोदावरी, मांजरा या नद्यांच्या जुन्या गाळात मोठ्या प्राण्यांची हाडं सापडतात. तेव्हा सिंहगडाच्या पायथ्याच्या काळ्या कातळात ‘जीवाश्म’ सापडला असेल तर आधी शंका घ्या.

सोपी प्रकरणं भराभर संपवू.

दगडाच्या भेगेत काळ्या, नाजूक फांद्यांची नक्षी दिसली तर ती मँगनीजची. भेगेत पाणी झिरपतं, मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं मागे ठेवतं आणि ती अशी पसरत जातात. या नक्षीत पानाची मधली शीर नसते, देठ नसतो, आणि ती भेगेच्या सपाट पृष्ठाला चिकटून असते. अशीच नक्षी अकीकाच्या, म्हणजे अगेट या गारगोटीच्या प्रकाराच्या, आत असली की उत्तर प्रदेशात बांद्याला केन नदीकाठी तिला ‘शजर’ म्हणतात. शजर म्हणजे झाड. नाव झाडाचं असलं तरी त्यात झाड नाही.

बेसाल्टच्या पोकळीतली पांढऱ्या सुयांची फुलं झिओलाइट गटातल्या खनिजांची, बहुतेकदा स्कोलेसाइटची. ती प्रवाळ नाहीत. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे म्हणजे झिजलेला बेसाल्ट. कासव नाही, अंडंही नाही. जांभ्यातली भोकं आणि नळ्या पाहून किड्यांची बिळं म्हणायची घाई करू नका.

नदीकाठच्या मातीतले हाडासारखे पांढरट गोळे बहुतेक चुनखडी असतात. लिंबू पिळलं की फसफसतं, आणि फुटलेल्या बाजूने बघितलं तर आत मातीचे आणि वाळूचे कण अडकलेले असतात. हाडात बाहेर घट्ट थर आणि आत जाळी दिसते. पण नुसत्या फसफसण्यावर निकाल देऊ नका, कारण दगड झालेल्या हाडातही चुना शिरलेला असू शकतो. ‘जिभेला चिकटलं तर हाड’ हा उपाय मला अजिबात पटत नाही. सुकलेली मातीही जिभेला चिकटते, आणि तो दगड कुठल्या नाल्यातून आलाय ते आठवा.

आता खरं अवघड प्रकरण: दगड झालेलं लाकूड. यातही सगळ्यात फसवं म्हणजे ताडकुळातलं लाकूड, ठिपक्यांचं. यात मी दोन वर्षं फसलो होतो.

एका ओढ्यातून आणलेला दगड. काळपट, आणि त्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. नारळाचा कापलेला ओंडका पाहिला असेल तर आठवा: त्यात आंब्यासारखी वर्तुळं नसतात, ठिपके असतात. हे ठिपके म्हणजे पाणी आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे. माझ्या दगडावरचे ठिपके अगदी तसेच वाटले. मी तो दिवाणखान्यात ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला ‘साडेसहा कोटी वर्षांचा ताड’ म्हणून दाखवला. शेवटी भूशास्त्र शिकवणारे एक ओळखीचे सर घरी आले. त्यांनी दगड उचलला, नळाखाली धरला, आडवा केला आणि हसले. आडव्या बाजूलाही ठिपकेच होते.

ते लाकूड नव्हतं, लाव्हातले बुडबुडे होते. नंतर त्यांत झिओलाइट आणि गारगोटी भरली होती. म्हणून आता नियम असा: दगड ओला करा आणि एकमेकींना काटकोनात असलेल्या निदान दोन बाजू बघा. खऱ्या ताडात एका बाजूला ठिपके, तर दुसऱ्या बाजूला सरळ, समांतर रेषा दिसतात. नळ्या उभ्या चिरल्या गेल्यावर रेषाच दिसणार. बुडबुडे दोन्हीकडे गोल किंवा लांबट दिसतात, आणि त्यांचे आकार कमीजास्त असतात.

पण हा नियम पाठ करून थांबलात तर पुन्हा फसाल. मीही फसलो. लाव्हाच्या प्रवाहाच्या तळाशी कधी कधी बुडबुडे नळीसारखे वर चढतात. तो तुकडा मिळाला की एका बाजूला ठिपके, दुसऱ्या बाजूला रेषा, अगदी ताडासारखं! तिथे तीन गोष्टी बघा. नळ्यांची जाडी: लाव्हातल्या नळ्या जाड-बारीक, वाकड्या, मधेच दोनाची एक झालेल्या आणि विरळ असतात. ताडातले जुडगे बारीक, जवळजवळ सारखे आणि दाटीवाटीने असतात, खोडाच्या बाहेरच्या भागात तर फारच दाट. दुसरं, ठिपक्याच्या आत भिंगातून बघा. बुडबुड्यात काठाला हिरवट पापुद्रा आणि आत पांढरा भराव, असे वाटीत वाटी ठेवल्यासारखे थर दिसतात. ताडाच्या ठिपक्याचे दोन वेगळे भाग असतात: एका अंगाला तंतूंची घट्ट टोपी, दुसऱ्या अंगाला नळ्यांची भोकं. तिसरं, चुंबक. दोऱ्याला लोंबकळणारं चुंबक ठिपक्यांच्या मधल्या काळ्या भागाजवळ न्या. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबक ओढलं जातं. गारगोटी झालेल्या लाकडाकडे ते ढुंकूनही बघत नाही. माझा सगळ्यात जास्त विश्वास या शेवटच्या चाचणीवर आहे.

वर्तुळांचं लाकूड आणि पट्ट्यांचा अकीक यांत गोंधळ झाला तर पट्टे कुठल्या आकाराने जातात ते बघा. अकीकाचे पट्टे पोकळीच्या भिंतीची वळणं गिरवत आत येतात आणि मध्ये बहुधा स्फटिक असतात. लाकडात वर्तुळांना छेदत केंद्रातून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. टणकपणावर जाऊ नका, दोन्ही गारगोटीच असल्याने दोन्हींवर चाकूचा ओरखडा उठत नाही.

गोगलगायीचे शंख सोपे. नागपूरकडच्या राखाडी गारेत फायसा नावाची गोडं पाणी आवडणारी गोगलगाय सापडते. टोक वर धरलं तर तिचं तोंड डावीकडे येतं. असलं कुठलंही खनिज नाही. गंमत म्हणजे ज्या घरात मँगनीजच्या नक्षीला जीवाश्म म्हणून काचेच्या कपाटात ठेवतात, त्याच घरात देवघरातला चक्रांकित शाळिग्राम मात्र ‘दगड’ असतो. नेपाळच्या काली गंडकीतला तो शाळिग्राम खरा जीवाश्म आहे, अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा.

खरंच जीवाश्म वाटला तर उचलण्याआधी जागेचा फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून. खडकात बसलेला असेल तर तिथेच राहू द्या आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. सुटा तुकडा असेल तर तेल चोळू नका, पॉलिश करू नका. कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका द्या, त्यावर क्रमांक टाका, आणि वहीत त्या क्रमांकापुढे गाव, ओढा, तारीख लिहा.