बीपीएल कार्डावर पोराचं आरोग्य कार्ड: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी

कर्नाटकात बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत मिळतात. ही रक्कम घरातल्या सगळ्यांत मिळून आहे, माणशी नव्हे.

आधी पोराचं नाव रेशनकार्डावर चढवा. बाळंतपण माहेरी, महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजकडे झालं असेल तर तिथला जन्मदाखला चालतो. माहेरचं रेशनकार्ड मात्र इथं उपयोगाचं नाही. मग आधार आणि रेशनकार्ड घेऊन ग्राम वन (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात जा आणि पोराचं आरोग्य कार्ड काढा.

घोळ होतो तो नावात. दाखल्यावर मराठी, रेशनकार्डावर कन्नड, आधारवर इंग्रजी; त्यात कुठं आडनाव पुढं, कुठं गायब. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. पाच वर्षांखालच्या आधारला बोटांचे ठसे नसतात, पाचव्या वर्षी ते द्यावेच लागतात. पोर आजारी पडल्यावर ही धावपळ नको.

ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती न घेता थेट खाजगीत गेलात तर बिल अंगावर येतं. तातडीच्या वेळी योजनेतल्या दवाखान्यात सरळ न्या, पण पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाला गाठा. शंका असेल तर 104 ही आरोग्य हेल्पलाइन लावा.