बाळ जेवत नाही? व्हिडिओ कॉलआधीची तयारी
ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवा) किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलण्याआधी सलग ३ दिवस नोंद ठेवा: वेळ, पदार्थ, किती चमचे पोटात गेले. ताटात वाढलेलं नव्हे, उरलेलं वजा करून लिहा. दूध-बिस्किटंही लिहा. वर्षापुढचं मूल दिवसाला ५०० मिलीहून जास्त दूध पीत असेल, तर वरणभाताची भूक उरत नाही आणि लोहही कमी पडतं. पुष्कळदा घोडं इथेच अडतं.

भरवतानाचा २ मिनिटांचा व्हिडिओ काढा. चेहरा, मान, बसण्याची पद्धत दिसू द्या. लसीकरण कार्डावरची आधीची वजनं हाताशी हवीत.

मूल मलूल असेल, ६ तास लघवी नसेल किंवा घास घेताना गुदमरत असेल, तर कॉलची वाट न पाहता दवाखाना गाठा.