रास्पबेरी पाय बंद पडल्यावर होम असिस्टंट परत कसं उभं करायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर. त्यात लाइट जाते-येते. बंद डबीत ठोकलेला रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर; घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर त्यावर चालतं) एके सकाळी उठतच नाही, तो बहुधा यामुळेच. पण बोर्ड सहसा मरत नाही. मरतं ते मेमरी कार्ड, नाहीतर चार्जर. होम असिस्टंट दर ५ सेकंदांनी कार्डावर नोंदी लिहीत असतं. लिहिता लिहिता लाइट गेली की फाइल अर्धवट राहते.

पाण्याची मोटर होम असिस्टंटवर असेल तर कशालाही हात लावण्याआधी तिचा स्टार्टर मॅन्युअलवर टाका. पाय ४ मध्ये घड्याळाला बॅटरी नसते, त्यामुळे इंटरनेट नसताना तो चुकीच्या वेळेने उठतो. टाकीच्या सेन्सरचं जुनं रीडिंगही एमक्यूटीटीत (उपकरणांचे निरोप पोहोचवणाऱ्या यंत्रणेत) साठलेलं असू शकतं. सिस्टीम परत येताक्षणी मोटर सुरू झाली आणि विहिरीत पाणी नसलं, तर सील आणि बुश खराब होतात.

आता दिवे बघा. पाय ४ वरचा लाल दिवा विझतोय किंवा मिणमिणतोय याचा अर्थ व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातंय. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावून बघा. मोबाइलचा चार्जर चालत नाही, त्याची वायरच व्होल्टेज खाते. लाल दिवा स्थिर आहे आणि हिरवा ४ किंवा ७ वेळा लुकलुकून थांबतोय, तर बोर्ड जिवंत आहे, पण कार्डावरची सुरू व्हायची फाइल सापडत नाही.

पेन ड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर बॅकअप असेल तर या परिच्छेदाचा उरलेला भाग सोडून द्या. नसेल, तर जुनं कार्ड आता सोन्याचं समजा. विंडोजच्या लॅपटॉपला लावलं की ते ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारेल, नाही म्हणा. विंडोजला ते पार्टिशन वाचताच येत नाही, म्हणून तो प्रश्न येतो. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवर लॅपटॉप सुरू करा आणि डीडीरेस्क्यूने (खराब कार्डातून डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने) आधी पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा: पहिल्या फेरीत चांगला भाग, दुसऱ्या फेरीत खराब सेक्टर. कार्ड पुन्हा पुन्हा उघडून फाइली शोधत बसलात तर उरलेलंही जाईल. इमेजमध्ये ‘हॅसओएस-डेटा’ नावाचं पार्टिशन असतं. त्यातल्या ‘सुपरवायझर’ फोल्डरमध्ये ‘बॅकअप’ असतं. तिथे टार फाइल (म्हणजे बॅकअपच) सापडली तर सुटलात. नाही सापडली, तर शेजारचं ‘होमअसिस्टंट’ फोल्डर पूर्ण उचला, लपलेल्या फाइली दाखवून (कंट्रोल-एच). टिंबाने सुरू होणारं ‘स्टोरेज’ फोल्डर लपलेलं असतं आणि खोल्यांची नावं, उपकरणं, लॉगिन सगळं त्यातच असतं. नुसत्या यामल (हाताने लिहिलेल्या सेटिंगच्या) फाइली घेणाऱ्यांचा घात इथेच होतो. इतिहासाचा डेटाबेस खराब निघाला तर सोडून द्या, त्यात फक्त जुने आलेख जातात.

नवं कार्ड निदान ३२ जीबीचं, ए-२ दर्जाचं घ्या. जमत असेल तर एसएसडीच घ्या. लॅपटॉपवरच्या रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्राममधून त्यावर होम असिस्टंट लिहा, लॅनची वायर लावा आणि २० मिनिटं वाट बघा. ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) ८१२३ पोर्टवर उघडला की नवीन खातं काढू नका; तिथेच बॅकअप अपलोड करायचा पर्याय असतो. २०२५ पासूनचे आपोआप होणारे बॅकअप सहसा कुलूपबंद असतात, त्यांना इमर्जन्सी किटमधली (बॅकअप सुरू करताना होम असिस्टंटने दिलेल्या फाइलीतली) किल्ली लागते. मोठा बॅकअप पाऊण तासही घेतो. मधे लाइट जाणार असेल तर हे काम भारनियमनाची वेळ बघूनच करा. लॉगिन मग जुन्याच पासवर्डने होतं.

बोर्डही बदलला असेल तर राउटरमध्ये जुना आयपी नव्या बोर्डाच्या मॅक पत्त्याला (नेटवर्कवरच्या त्याच्या हार्डवेअर क्रमांकाला) बांधून द्या. टास्मोटा सॉफ्टवेअरवर चालणारे वायफाय स्विच जुन्याच आयपीवर १८८३ पोर्टला हाका मारत राहतात. उत्तर आलं नाही की ‘सगळे स्विच मेले’ असं वाटतं.

झिगबीत (सेन्सर आणि स्विचच्या वेगळ्या बिनतारी नेटवर्कमध्ये) सगळ्यात जास्त चुका होतात. सेन्सर ‘अनुपलब्ध’ दिसले की लोक एकेक काढून पुन्हा जोडायला घेतात. तसं करू नका. नेटवर्क बनतं ते झिगबीची यूएसबी स्टिक आणि नेटवर्क की (गुप्त किल्ली) यांनी, कॉम्प्युटरने नाही. तीच स्टिक लावा. झिगबी-टू-एमक्यूटीटी (झिगबी उपकरणं जोडणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या फोल्डरातल्या कॉन्फिगरेशन, डेटाबेस आणि कोऑर्डिनेटर बॅकअप या तिन्ही फाइली जुन्याच हव्यात. की जुळली नाही तर ते सुरूच होत नाही, आणि हे चांगलंच आहे, कारण नव्या कीने सुरू झालं तर जुनी सगळी उपकरणं तुटतात. स्टिक एक मीटरच्या एक्स्टेन्शन वायरवर ठेवा. यूएसबी ३ ची एसएसडी शेजारी असली की २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल दबतो. प्लग आणि स्विच आधी येतील. बॅटरीवरचे दार-सेन्सर काही तास घेतील, एकदा दार उघडझाप केली की लवकर जागे होतात.

ऑटोमेशन एकेक करून चालू करा. मोटरचं सगळ्यात शेवटी, टाकीचं ताजं रीडिंग बघून. मग रेकॉर्डरची (नोंदी लिहिणाऱ्या भागाची) लिहिण्याची मुदत ५ वरून ३० सेकंद करा. इन्व्हर्टरचं बटण ‘नॉर्मल’वर असेल तर ‘यूपीएस’वर आणा, नॉर्मलवर लाइट जाताना बसणारा झटका पंख्याला कळत नाही, पायला कळतो. डबीचं झाकण काढा, पश्चिमेच्या भिंतीवरून तिला आतल्या भिंतीवर हलवा. आणि इमर्जन्सी किटची किल्ली कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा.