नागरिकशास्त्राच्या तासाला मूळ कागद : ऑनलाइन साधने कशी वापरावीत

नागरिकशास्त्रासाठी ऑनलाइन साहित्य शोधू लागले की सर्वांत आधी चलचित्रे आणि प्रश्नमंजूषा समोर येतात. त्या निरुपयोगी नसतात, परंतु बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातलीच वाक्ये रंगीत चित्रांसह पुन्हा ऐकवतात. त्यापेक्षा संसद, निवडणूक आयोग आणि ग्रामपंचायती यांचे जे मूळ कागद आता संकेतस्थळांवर खुले आहेत, त्यांवर शिक्षकाने वेळ घालवावा, आणि एका तासिकेला एकच कागद घ्यावा.

आरंभ संविधानाच्या उद्देशिकेपासून करणे सोपे जाते. हस्तलिखित मूळ प्रतीचे छायाचित्र आणि केंद्र शासनाच्या विधायी विभागाने प्रसिद्ध केलेली सध्याची उद्देशिका शेजारी-शेजारी ठेवावी व दोहोंत काय वेगळे आहे ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, हे त्यांना सांगण्याआधी सापडलेले असते. कोणताही कायदा उतरवून घेताना तो कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेला आहे हे पाहण्याची सवयही याच तासाला लावता येते. अधिनियमांसाठी ‘इंडिया कोड’ हे शासकीय संकेतस्थळ वापरावे.

सर्वांत अधिक हाती लागते ते संसदेच्या प्रश्नोत्तरांतून. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित प्रश्न घेतले जातात. त्यांचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात, तर अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. ‘डिजिटल संसद’ या संकेतस्थळावर मंत्रालयानुसार प्रश्न शोधता येतात. शालेय शिक्षणाशी संबंधित एक प्रश्न निवडावा, उत्तर झाकून केवळ प्रश्न वर्गापुढे ठेवावा आणि मंत्री काय सांगतील व त्यावर आपण कोणता पूरक प्रश्न विचारू, हे गटागटाने लिहून घ्यावे. नंतर खरे उत्तर उघडावे. उत्तरात ‘हा विषय राज्य शासनाच्या अखत्यारीत येतो’ अशा आशयाचे वाक्य आले, तर केंद्र व राज्य यांच्यात विषयांची वाटणी करणाऱ्या, संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील याद्या शिकवण्यास याहून चांगले निमित्त मिळणे कठीण. ही उत्तरे इंग्रजीत व हिंदीत असतात, त्यामुळे आवश्यक तेवढ्या परिच्छेदाचा मराठी अनुवाद शिक्षकाने आधीच करून ठेवावा.

स्थानिक शासनासाठी 2020 मध्ये सुरू झालेले ‘ई-ग्रामस्वराज’ हे केंद्र शासनाचे संकेतस्थळ उपयोगी पडते. राज्य, जिल्हा, तालुका असे निवडत गेल्यास ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि त्यातील कामांची यादी दिसते. एक काम निवडून ते प्रत्यक्षात कुठे आहे, त्याला निधी कोठून मिळाला, ग्रामसभेत त्यावर चर्चा झाली का, हे विद्यार्थ्यांनी विचारून यावे. मात्र आराखड्यात नोंद असणे म्हणजे काम पूर्ण होणे नव्हे, हा भेद आधीच स्पष्ट करावा. अन्यथा मुले अपुऱ्या माहितीवर कोणालातरी दोषी ठरवून परततात.

उमेदवारांची शपथपत्रे वापरताना याहून अधिक सावध राहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 व 2003 मधील निर्णयांमुळे उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता आणि फौजदारी प्रकरणे जाहीर करावी लागतात, आणि निवडणूक आयोग ही शपथपत्रे प्रसिद्ध करतो. वर्गासाठी होऊन गेलेली निवडणूक व दूरचा मतदारसंघ घ्यावा, तेथील सर्व प्रमुख उमेदवारांचे कागद वाटावेत आणि नावे व पक्ष झाकावेत. प्रलंबित खटला आणि दोषसिद्धी यांतील अंतर येथे शिकवले नाही, तर तो तास न घेतलेला बरा.

न्यायालयासाठी, 27 सप्टेंबर 2022 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांपुढील सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण होऊ लागले आहे. त्यातील पाच मिनिटांचा तुकडा पुरे. ‘दीक्षा’ या शालेय शिक्षणाच्या शासकीय संकेतस्थळावरील साहित्य उजळणीला ठेवावे.

वर्गात इंटरनेट नसेल किंवा ऐन वेळी संकेतस्थळ उघडले नाही, तरी काही अडत नाही. निवडलेले एक पान आदल्या दिवशीच छापून घ्यावे, त्यावर स्रोत व उतरवून घेतल्याची तारीख लिहावी आणि प्रत्येक गटाला एक प्रत द्यावी.