सरकारी कामाची फी खरी किती, ती कोणी ठरवली आणि गेली कुठं, हे स्वतः कसं तपासायचं

जून आला की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून पुढं प्रत्येक गल्लीत एकच धावपळ, कुणाला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, कुणाला डोमिसाईल, कुणाला नॉन क्रिमीलेअर, कारण अॅडमिशनची नाहीतर स्कॉलरशिपची लास्ट डेट डोक्यावर आलेली असते. मागच्या वर्षी शेजारच्या काकू अशाच आल्या, त्या विड्या वळतात, मुलीच्या स्कॉलरशिपसाठी दाखला काढायचा होता. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर पेनानं एवढंच लिहिलेलं, "उत्पन्न ३००", ना शिक्का ना सही, आणि वर सांगितलेलं की ५०० चा स्टॅम्प पेपर पण घेऊन या. काकू म्हणाल्या, "एवढेच लागतात का रे, का मला बघून सांगितले?"

हा प्रश्न मला लई जणं विचारतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. सरकारी कामाची प्रत्येक फी कुठल्यातरी कागदावर लिहिलेली असते, तो कागद नसेल तर ती फी नाही, आणि तो कागद शोधायला वकील लागत नाही.

आधी रकमेची फोड करा

कुणी एकच आकडा सांगितला की लगेच पैसे काढू नका, त्यात काय काय धरलंय ते विचारा. सरकारची फी वेगळी, दाखल्याचा अर्ज जिथं भरतो त्या सेवा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, त्याच्यावरचा जीएसटी वेगळा, कोर्ट फी स्टॅम्प वेगळा, आणि झेरॉक्स, फॉर्म भरणं, "लवकर करून देतो" हे तर पूर्णच वेगळं. आपले सरकार सेवा केंद्राचं सेवाशुल्क आधी २० रुपये होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, म्हणून ती ३३.६० ची पावती सगळ्यांच्या ओळखीची झालेली. २०२५ मध्ये सेवाशुल्क ५० केलं, जीएसटी ९ रुपये, अधिक १०, झाले ६९. काकूंच्या ३०० मधले ६९ सोडले तर बाकीच्या २३१ ला कुठल्याच सरकारी कागदाचा आधार नव्हता.

आणि तो ५०० चा स्टॅम्प पेपर, याच्यावर तर मला राग येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या स्टॅम्पच्या जागी ५०० चा आला आणि लोकांना वाटलं की दाखल्यांना पण तोच लागणार. पण जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा असे दाखले काढताना सरकारी ऑफिसात जे शपथपत्र द्यावं लागतं त्याचं मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या अधिसूचनेनंच माफ आहे, आणि २०१५ पासून बहुतेक कामांना साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. विड्या वळणाऱ्या बाईचे ५०० रुपये म्हणजे किती दिवसांचं काम असतं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

मग ही फी कोणाची ते ओळखा

हे कळलं की अर्धं काम झालं कारण कागद कुठं शोधायचा ते यावरूनच ठरतं. पासपोर्ट, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स यांची फी दिल्लीत ठरते, सोलापूरच्या ऑफिसला ती कमी-जास्त करायचा अधिकारच नसतो. छत्तीस पानांचा साधा पासपोर्ट १५०० रुपये, तो इथं काढा नाहीतर पुण्यात. आधार पहिल्यांदा काढणं फुकट, नाव-पत्ता दुरुस्ती ७५ आणि बायोमेट्रिक अपडेट १२५, हे दर १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे. लायसन्सची फी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ३२ मध्ये आहे आणि २९ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेनं ती वाढवली, लर्निंगला प्रत्येक वाहन प्रकारामागं १५० आणि टेस्टचे ५०, पक्क्याच्या टेस्टला ३०० आणि लायसन्सचे २००. त्याच नियमात राज्याला संगणकीकरणाच्या खर्चासाठी थोडी वेगळी रक्कम लावायची मुभा दिलीय, म्हणून एमएच-१३ ची, म्हणजे आपल्या सोलापूरची पावती आणि शेजारच्या राज्यातली पावती तंतोतंत जुळली नाही तर लगेच घोटाळा म्हणू नका.

सातबारा, दाखले, दस्त नोंदणी हे राज्याचं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये. दस्त नोंदणीची फी किमतीच्या १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही, आणि मुद्रांक शुल्क हे याच्याशिवाय वेगळं असतं, लोक दोन्ही एकच समजतात आणि तिथंच फसतात.

तिसरं म्हणजे महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत. आपल्या महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो, त्याच्या कलम ३८६ प्रमाणे लायसन्स आणि परवानग्यांची फी आयुक्त ठरवतात पण त्याला महापालिकेची मंजुरी लागते. म्हणजे त्या फीमागं एक ठराव असतो, त्याला नंबर आणि तारीख असते. दुकानदारानं, कारखानदारानं "फी का वाढली" असं विचारण्याऐवजी "कुठल्या ठरावानं वाढली" असं विचारावं, उत्तर लवकर मिळतं.

आकडा ठरतो कसा, हे पण समजून घ्या

कर आणि फी यात फरक आहे. कर सगळ्यांकडून घेतात आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला अमुकच मिळेल असं काही नसतं, फी मात्र तुम्हाला दिलेल्या सेवेबद्दल असते. सुप्रीम कोर्टानं १९५४ साली शिरूर मठाच्या केसमध्ये हा फरक स्पष्ट मांडला की फीचा सेवेशी संबंध दिसला पाहिजे. नंतर १९८३ मध्ये कोर्टानंच सांगितलं की पैशाला पैसा जुळलाच पाहिजे असं नाही, साधारण संबंध असला तरी पुरतो. म्हणून "कागदाला खर्च दोन रुपये आणि घेतात वीस" एवढ्यावर कोर्टात फार काही होत नाही, पण सेवाच नाही आणि फी चालू आहे असं असेल तर तो मुद्दा जोरात मांडता येतो.

केंद्र सरकारच्या खात्यांसाठी २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आहेत, त्यातला नियम ४७ खास याच्यावर आहे. प्रत्येक खात्यानं आपण कुठलं कुठलं शुल्क घेतो त्याची यादी वेबसाईटवर टाकावी, शुल्कातून सेवेचा चालू खर्च निघावा, त्यापेक्षा कमी ठेवायचं असेल तर कारण लिहून ठेवावं आणि निदान तीन वर्षांतून एकदा दर तपासावेत, असं त्यात आहे. कमी फी ठेवण्यात वाईट काही नाही, जन्मदाखल्यासारख्या गोष्टीला तर ती नसलेलीच बरी, फक्त कारण कागदावर पाहिजे.

राज्यात साधारण असं चालतं: खातं प्रस्ताव तयार करतं, वित्त विभागाची सहमती घेतात, मग जीआर म्हणजे शासन निर्णय निघतो. एखाद्या कायद्याखालच्या नियमात दर बदलायचा असेल आणि कायद्यात तशी अट असेल तर आधी राजपत्रात मसुदा येतो, त्यावर हरकती आणि सूचना मागवतात, मुदत मसुद्यातच लिहिलेली असते, आणि मग अंतिम अधिसूचना. या मधल्या काळात लिहिणारे फार कमी असतात, खरं तर आपलं बोलणं कामाला येण्याची वेळ तीच असते. विजेचं बघा, दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधी जाहीर सुनावणी होते. ज्यांच्या घरात पॉवरलूम आहे त्यांना एका युनिटमागचे काही पैसे म्हणजे महिन्याला किती ते बरोबर माहीत असतं, तसंच लक्ष बाकीच्या फीवर पण ठेवायला पाहिजे.

कागद शोधा

जीआर महाराष्ट्र शासनाच्या वेबसाईटवर "शासन निर्णय" मध्ये मिळतात. विभाग निवडा, महसूलचं काम असेल तर महसूल, सेवा केंद्राचं असेल तर माहिती तंत्रज्ञान, आणि शोधशब्द टाका, "शुल्क", "दर सुधारणा", "सेवाशुल्क". "फी" टाकून बऱ्याचदा काही येत नाही कारण सरकारी भाषेत शुल्क म्हणतात. प्रत्येक जीआरला लांबलचक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तर कुणी व्हॉट्सअॅपवर जीआर फॉरवर्ड केला तर तो आकडा वेबसाईटवर टाकून बघा, खरा आहे का खोटा ते एका मिनिटात कळतं.

मिळाला की वाचताना चार ठिकाणी थांबा. दर कधीपासून लागू, तुमचा अर्ज त्याआधीचा असेल तर कुठला दर लागतो ते बघा. दर कशाला आहे, "प्रति पान", "प्रति अर्ज", "प्रति वर्ष", एका शब्दानं रक्कम दुप्पट होते. सूट कुणाला, हे सहसा शेवटी बारीक लिहिलेलं असतं आणि तेच गरिबाच्या कामाचं असतं. आणि लेखाशीर्ष, म्हणजे पैसे कुठल्या खात्यावर जमा होणार.

फी माफीचं एक उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवा: जन्म किंवा मृत्यू २१ दिवसांच्या आत कळवला तर नोंदणीला फी नाही, आणि नोंद झाल्यावर पहिलं प्रमाणपत्र सात दिवसांत मोफत द्यायचं असं कायद्यातच आहे. पैसे लागतात ते उशीर झाला तर, नाहीतर जास्तीच्या प्रतींना.

ऑफिसातला बोर्ड आणि पावती

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. प्रत्येक ऑफिसानं कुठली सेवा, किती दिवसांत, कुठला पदनिर्देशित अधिकारी देणार, फी किती आणि अपील कुणाकडं हे बोर्डावर लावायचं असतं. काकूंबरोबर गेलो तेव्हा मी आधी बोर्ड शोधला, तो होता पण त्याच्यावर देवाचं मोठं कॅलेंडर टांगलेलं. कॅलेंडर जरा बाजूला सरकवलं, दर वाचला, मोबाईलवर फोटो काढला आणि मग खिडकीवर गेलो, भांडण न करता ६९ रुपये पुढं ठेवले, पावती मागितली. मिळाली. आवाज चढवायची गरज पडली नाही, बोर्डावरचा आकडा समोर होता.

पावतीवर अर्ज क्रमांक, सेवेचं नाव आणि रकमेची फोड असली पाहिजे. सरकारी खात्यात ऑनलाईन चलन भरलं तर ते ग्रास या राज्य सरकारच्या ऑनलाईन भरणा प्रणालीतून जातं आणि जीआरएन नंबर मिळतो, त्यावरून चलन खरंच जमा झालं का ते तिथंच तपासता येतं. ग्रामपंचायतीत छापील नंबर असलेल्या पावतीपुस्तकातली पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही करून दिलेलं काही उपयोगाचं नाही.

पैसे पुढं कुठं गेले

आपल्या फीचं पुढं काय होतं हे विचारणं मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. राज्याच्या बजेटमध्ये बरीचशी फी "करेतर महसूल" म्हणजे करांशिवायच्या उत्पन्नाच्या भागात दिसते, मुद्रांक आणि नोंदणी मात्र कराच्या बाजूला, ००३० या शीर्षाखाली. बजेटच्या पुस्तकात एका शीर्षासमोर मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती जमा झाले, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. फी दुप्पट झाली आणि जमा तेवढीच राहिली तर एकतर लोक कमी आले नाहीतर पैसे मधेच गळतायत, आणि तिथं प्रश्न विचारायला जागा आहे. राज्याच्या जमेचं ऑडिट कॅग म्हणजे भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक करतात आणि तो अहवाल विधिमंडळात मांडतात. महापालिका आणि ग्रामपंचायतीचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडं असतं. महापालिकेचं बजेट पण जमा बाजूनं वाचायची सवय लावा, सगळे फक्त रस्त्याला किती आणि ड्रेनेजला किती तेवढंच बघतात.

कुठंच सापडलं नाही तर

मग माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट, पण दाखला जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "जास्त पैसे का घेता" असं लिहू नका, "का" ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागद मागा. मी असं लिहितो:

"आपल्या कार्यालयात अमुक सेवेसाठी घेण्यात येणाऱ्या शुल्काचा दर ज्या शासन निर्णय, अधिसूचना किंवा ठरावाने निश्चित केला त्याची प्रत द्यावी. दिनांक अमुक ते अमुक या काळात या शुल्कापोटी जमा झालेली महिनावार रक्कम व ती कोणत्या लेखाशीर्षात भरली याची माहिती द्यावी."

प्रतींना पानाला २ रुपये लागतात, ते किती आणि कसे काढले याचा हिशेब त्यांनी कळवायचा असतो. तीस दिवसांत माहिती दिली नाही तर नंतर ती फुकट द्यावी लागते, हे पत्रात आठवण म्हणून लिहा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला २० रुपये.

दराच्या वर पैसे मागितले आणि पावती देत नाहीत असं असेल तर बोर्डाचा फोटो आणि तारीख-वेळ लिहून तहसीलदारांकडं किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. सरकारी माणूसच कामासाठी लाच मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४, पैसे द्यायच्या आधी फोन करा, दिल्यानंतर सापळा लावता येत नाही.