सिरियल कन्सोलवर लॉगिन येत नाही? या चुका टाळा

रात्रीचा दीड वाजलेला. सर्व्हर नेटवर्कवरून गेलेला, मी रॅकमागे मांडीवर लॅपटॉप घेऊन, सिरियल कन्सोलला (सर्व्हरशी थेट केबलने मजकुरात बोलायची सोय) जोडून बसलेलो आणि पडद्यावर लॉगिनच्या जागी नुसता कचरा: प्रश्नचिन्हं, तुटके चौकोन. शंका केबलवर गेली आणि दोन केबली बदलण्यात अर्धा तास गेला. सर्व्हर ११५२०० बॉडवर (तारेवरच्या वेगाचं माप) बोलत होता, माझा टर्मिनल प्रोग्राम ९६०० वर ऐकत होता, एवढंच. कचरा दिसतोय याचा अर्थ तारेतून काहीतरी येतंय. तेव्हा आधी वेग बघा. बरीच अक्षरं नीट आणि मधलीच बिघडलेली असतील तर पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) तपासा. सहसा ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) असं चालतं.

बूटचे संदेश दिसतात पण पुढे काहीच नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकतो. संदेश पाठवतो कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. लाइन उघडणं, वेग लावणं, 'लॉगिन:' दाखवणं आणि नाव वाचणं ही कामं मात्र गेटी नावाच्या छोट्या प्रोग्रामची. नाव मिळालं की गेटी आपली जागा लॉगिन प्रोग्रामला देते, पासवर्ड तो विचारतो. तुम्ही बाहेर पडलात की इनिट, म्हणजे बाकीचे प्रोग्राम सुरू करणारा पहिला प्रोग्राम, नवी गेटी उभी करतं. म्हणजे संदेश येत असतील तर तार आणि कर्नल दोन्ही ठीक आहेत, गेटीकडे वळा. तीनच तारांची केबल असेल तर गेटी कधी कधी कॅरियर सिग्नलची (पलीकडे कुणी जोडलंय या खुणेची) वाट बघत मुकाट बसून राहते. तिला ही लोकल लाइन, म्हणजे या खुणेशिवाय चालणारी थेट जोडणी, आहे हे सांगावं लागतं.

गेटीची सेटिंग कुठे बदलायची, इथे अनेक जण फसतात. लिनक्सच्या डेबियन ८ किंवा रेड हॅट ७ पासून पुढे इनिटचं काम डिफॉल्टने सिस्टिमडी करतं, तिथे जुन्या इनिटची सेटिंग फाइल इनिटटॅब कितीही बदला, ती वाचणारं कुणी नाही. सिस्टिमडीत 'सिस्टिमसीटीएल एडिट'ने बदल करताना नव्या 'एक्झेकस्टार्ट'च्या (सर्व्हिस सुरू करायची आज्ञा देणारी ओळ) वर तीच ओळ एकदा रिकामी लिहा. नाहीतर दोन आज्ञा झाल्या म्हणून सर्व्हिस सुरूच होत नाही.

जुन्या सिस्टिम-फाइव्ह इनिटवर पोर्टचं नाव चुकलं, समजा टीटीवायएस० (पहिला सिरियल पोर्ट) ऐवजी टीटीवायएस१ (दुसरा), तर गेटी मरते, इनिट पुन्हा उठवतं. २ मिनिटांत १० पेक्षा जास्त वेळा असं झालं की ते ५ मिनिटं हात वर करतं. घाईत पुन्हा पुन्हा रीबूट करू नका, त्याचा संदेश वाचा, त्यात लाइनचा आयडी असतो.

एकाच लाइनवर दोन गेटी लावणं ही तर फार छळणारी चूक. तुम्ही 'रूट' (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) टाइप करता, दोन अक्षरं एकीला मिळतात, उरलेली दुसरीला. फ्री-बीएसडी या लिनक्ससारख्या सिस्टिमवर वेगळीच गंमत: 'ईटीसी'तल्या टीटीवायएस फाइलमध्ये लाइनपुढे 'सिक्युअर' नसेल तर बरोबर पासवर्डनेही रूट आत जात नाही. पासवर्ड बदलत बसू नका, ती ओळ बघा आणि बदल केल्यावर इनिटला हँगअप सिग्नल (फाइल पुन्हा वाच, असा इशारा) द्या.

लॉगिन आलं, पण मध्येच पडदा गोठला? चुकून कंट्रोल-एस दाबलं असेल, कंट्रोल-क्यू दाबा.

रॅक सोडण्याआधी एकदा आत जा, बाहेर या आणि 'लॉगिन:' परत उमटेपर्यंत तिथेच थांबा.