डिरेक्टरीच्या डिस्क्रिप्टरवरून फाइल तयार करणे: ओपनॲट() कसे वापरावे

लिनक्सवर ठरावीक डिरेक्टरीत फाइल तयार करताना पूर्ण पाथ जोडून तो ओपन()ला देण्याची पद्धत सर्रास दिसते. मात्र डिरेक्टरी तपासणे आणि फाइल तयार करणे यांच्या मधल्या क्षणात कोणी तिचे नाव बदलले किंवा तिच्या जागी सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी नोंद) ठेवली, तर फाइल भलतीकडेच जाते. चालू डिरेक्टरी बदलून काम भागवणेही धोक्याचे, कारण ती प्रोसेसमधल्या सर्व थ्रेडांची सामाईक असते. कर्नल २.६.१६ पासून उपलब्ध असलेला आणि २००८ च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) समाविष्ट झालेला ओपनॲट() यासाठीच आहे.

आधी ती डिरेक्टरी ओ_डिरेक्टरी (डिरेक्टरी नसल्यास उघडू नये) आणि ओ_क्लोएक्झेक (प्रोसेसने एक्झेकने दुसरा प्रोग्राम सुरू केल्यास डिस्क्रिप्टर आपोआप बंद व्हावा) हे फ्लॅग देऊन एकदाच उघडावी व मिळालेला डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीसाठी वा डिरेक्टरीसाठी कर्नलने दिलेला क्रमांक) जपून ठेवावा. डिरेक्टरी पुढे दुसरीकडे हलवली गेली, तरी डिस्क्रिप्टर तिलाच धरून राहतो. मग फाइल अशी तयार करावी (डिर म्हणजे तोच डिस्क्रिप्टर):

एफडी = ओपनॲट(डिर, "नोंदी", ओ_डब्ल्यूआरओन्ली | ओ_क्रिएट | ओ_एक्सक्ल | ओ_क्लोएक्झेक, ०६६०);

येथे ओ_एक्सक्ल गाळू नये. त्या नावाची फाइल, किंवा अगदी कुठेही न पोहोचणारी सिम्बॉलिक लिंक जरी आधीपासून असली, तरी कॉल ‘ई_एक्झिस्ट’ देऊन थांबतो, आणि ही तपासणी व निर्मिती कर्नल एकाच दमात करत असल्यामुळे मध्ये कोणाला शिरकाव करता येत नाही. शेवटचा मोड (नव्या फाइलीच्या परवानग्या, येथे ०६६०) विसरल्यास कंपायलर सहसा गप्पच बसतो आणि स्टॅकवरचा कचरा परवानग्या म्हणून लागू होऊ शकतो. यूमास्क (नव्या फाइलींतून वगळायच्या परवानग्या) ०२२ असेल, तर ०६६० चे प्रत्यक्षात ०६४० होते.

उपडिरेक्टरीसाठी एमकेडिरॲट() आहे. पण तो डिस्क्रिप्टर देत नाही, म्हणून ती पुन्हा ओपनॲट()ने, ओ_डिरेक्टरीसोबत ओ_नोफॉलो (नाव सिम्बॉलिक लिंकचे असल्यास उघडू नये) लावून, उघडावी लागते.

बाहेरून आलेले नाव मात्र जसेच्या तसे देऊ नये. नाव तिरप्या रेषेने सुरू झाले, तर डिस्क्रिप्टर दुर्लक्षिलाच जातो, आणि दोन टिंबांच्या वाटेने डिरेक्टरीबाहेर पडता येते. कर्नल ५.६ पासूनच्या ओपनॲट२()ला रिझॉल्व्ह_बिनीथ हा फ्लॅग दिल्यास या दोन्ही वाटा बंद होतात. जुन्या जीलिबसीत (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) त्यासाठी रॅपर (तयार फंक्शन) नसल्याने तो सिसकॉल()मार्फत बोलवावा.

अर्धवट लिहिलेली फाइल कोणाच्या नजरेस पडू नये असे वाटत असेल, तर तात्पुरत्या नावाने लिहून एफसिंक() करावे (म्हणजे डेटा डिस्कवर पोचवावा), रीनेमॲट()ने खरे नाव द्यावे आणि शेवटी डिरेक्टरीच्या डिस्क्रिप्टरवरही एफसिंक() करावे.